एलीयाची भाकर आणि बाळंतिणीची खिन्नता

ईजबेल राणीच्या धाकाने एलीया संदेष्टा अरण्यात पळाला व एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले, ही कथा (१ राजे, अध्याय १९) शास्त्राच्या तासाला आपण सर्वांनी ऐकली आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्नही येतो. परंतु उत्तर लिहिताना पुष्कळ मुले झुडपावरून एकदम होरेब पर्वतावर उडी घेतात. मधल्या ओळी राहून जातात. देवाने एलीयाला दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. प्रथम त्यास झोपू दिले. मग दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी धाडले. तो जेवला, पुन्हा निजला, आणि दूताने त्यास पुन्हा जेवावयास उठविले. संभाषण त्यानंतरचे.

हा क्रम मलाही पाठ होता. उमगला मात्र माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणास माहेरी आली तेव्हा. मुलगी झाली, बर्फी वाटली, पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. तिसऱ्या दिवशी ती रडू लागली. असे पुष्कळींचे होते आणि पंधरवड्यात ओसरते, असे वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, व ते खरेही आहे. परंतु महिना लोटला. बाळ निजले तरी हिचा डोळा लागेना. डिंकाचा लाडू ताटात तसाच राही. मी तिच्या उशाशी पवित्र शास्त्र ठेवले व देवाचे उपकार मोजावयास सांगितले. ती म्हणाली, "दादा, मला प्रार्थनाच करता येत नाही. जिला आपल्या लेकराची माया वाटत नाही, तिचे देव काय ऐकणार?" यावर मी आणखी एक अध्याय वाचून दाखविला! त्या रात्रीची मला अजून लाज वाटते.

हा पापाचा दंड नव्हे आणि अविश्वासही नव्हे. हा आजार आहे. प्रसूतीनंतर शरीरातील संप्रेरके एकाएकी उतरतात, झोप मोडते. त्यात पूर्वीची खिन्नता, दारिद्र्य किंवा घरातील कलह यांची भर पडते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांत ही खिन्नता आढळली; मुलग्याची आस असता मुलगी झाली, हेही तेथे एक कारण दिसून आले. (ख्रिस्ती घरांनी याबाबत फार ताठ मानेने बोलू नये.) १९८७ साली तयार झालेली एडिंबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली आजही हा विकार ओळखण्यास वापरतात. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असा विचार कोणी बोलून दाखविला, किंवा बाळंतीण भ्रमिष्टासारखे बोलू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. अंगावर पाजणाऱ्या आईसही चालतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

मग विश्वासाचे काय? स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळदेखील नाही. तरी ते देवालाच उद्देशून आहे, आणि शास्त्रातून कोणी ते वगळले नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षघाती मनुष्यास छप्पर उघडून खाली सोडतात; तेथे प्रभू येशूने विश्वास पाहिला तो त्या वाहणाऱ्यांचा. तो रोगी स्वतः काही बोलल्याचे मार्क लिहीत नाही.

आमच्या घरी असे वाहणारे आले. डॉक्टरीणबाईंनी औषध दिले. भगिनीमंडळातील स्त्रियांनी रात्रींची पाळी लावली: एकीने बाळ सांभाळावयाचे, आईने निजावयाचे. प्रार्थना त्या स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात करीत. माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. तो शाळेतून येताच बाळास तासभर अंगणात फिरवी.

सहाव्या महिन्यात एके सकाळी ती मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घालीत होती व काहीतरी गुणगुणत होती. गीत कोणते ते मला ओळखू आले नाही. मी विचारले नाही. पाणी तापवून आणून दिले.