टेलिफोनचा शोध आणि कागदाची किंमत

टेलिफोनचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी लावला, हे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. पण तारखा ताडून पाहिल्या तर नवल वाटते. बेल यांना अमेरिकेत पेटंट मिळाले ७ मार्च १८७६ रोजी, आणि त्यांच्या यंत्रातून पहिले स्पष्ट वाक्य ऐकू आले १० मार्चला! यंत्र बोलण्याच्या तीन दिवस आधी त्याची मालकी कागदावर पक्की झाली होती.

बेल यांचा जन्म १८४७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. वडील उच्चारशास्त्राचे जाणकार, आई कानाने अधू. दोन भाऊ क्षयाने गेले, तेव्हा १८७० साली कुटुंब कॅनडात आले आणि पुढच्या वर्षी बेल बोस्टनमध्ये बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. वीज हा त्यांचा विषय नव्हे, आवाज हा होता. त्या काळी तारायंत्राचा धंदा तेजीत होता. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश धाडता आले तर मोठी बचत होणार होती. प्रत्येक संदेशाला निराळ्या सुराची पोलादी पट्टी वापरावी, अशी बेल यांची कल्पना. भांडवल दोघांनी घातले. थॉमस सँडर्स हे चामड्याचे व्यापारी आणि गार्डिनर हबर्ड हे वकील. दोघांचीही मुले बेल यांच्याकडे शिकत होती.

२ जून १८७५ रोजी प्रयोग चालू असताना एक पट्टी अडकली. थॉमस वॉटसन या तरुण कारागिराने ती बोटाने छेडली. दुसऱ्या खोलीत बेल यांच्या कानी पडला तो तारायंत्राचा कट्ट आवाज नव्हता, तर खुद्द पट्टीचा झंकार होता. तारायंत्राच्या खटक्याने वीज फक्त चालू किंवा बंद होते. इथे मात्र चुंबकासमोर थरथरणाऱ्या पोलादामुळे वीज आवाजाप्रमाणे कमीजास्त होत गेली. एक सूर जातो, तर बोलणेही जाईल, हे बेल यांनी त्याच दिवशी ओळखले. कान तयार असला म्हणजे बिघाडही शिकवून जातो.

पुढे कागदाची शर्यत लागली. बेल यांना आधी इंग्लंडमध्ये अर्ज करायचा होता, म्हणून ते थांबून होते. हबर्ड मात्र वकील माणूस. त्यांनी वाट न पाहता १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अर्ज दाखल करविला. त्याच दिवशी त्याच कचेरीत इलायशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचीही पूर्वसूचना दाखल झाली! ग्रे यांच्या कागदात द्रवात बुडविलेल्या तारेने आवाज पाठविण्याची युक्ती होती आणि १० मार्चला बेल यांनी वॉटसनला हाक मारली ती आम्लमिश्रित पाण्याच्या यंत्रातूनच. यावरून संशय घेणारे आजही आहेत. पण कोर्टात बेल टिकले.

अँटोनिओ म्युची यांची हकीकत ऐकून वाईट वाटते. हे गृहस्थ इटलीचे, न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर मेणबत्त्यांचा कारखाना चालवीत. आजारी पत्नीशी बोलता यावे म्हणून त्यांनी घरातल्या घरात तार जोडली होती. १८७१ साली त्यांनी पूर्वसूचना नोंदविली. दरवर्षी दहा डॉलर भरून ती चालू ठेवायची होती. १८७४ नंतर तेवढेही जमले नाही आणि सूचना बाद झाली. त्यांचे यंत्र कितपत चांगले होते यावर मतभेद आहेत, १८८७ साली कोर्टाचा निकालही त्यांच्या विरुद्ध गेला. अमेरिकी प्रतिनिधीगृहाने त्यांच्या कामाचा गौरव केला तो २००२ साली. गौरवाने दहा डॉलरची भरपाई होत नाही.

आपल्या डिझाइनचा माल आठ दिवसांत शेजारच्या मागावर उतरतो, ही तक्रार कापड बाजारात रोजची आहे. आपल्या देशात डिझाइन कायदा, २००० आहे. त्याखाली नोंदलेल्या डिझाइनला दहा वर्षे संरक्षण मिळते, पुढे पाच वर्षे वाढवून घेता येते. पण अर्ज नमुना बाजारात दाखविण्यापूर्वी करावा लागतो. आपले बरेच कारागीर नेमके उलट करतात.

बलाढ्य वेस्टर्न युनियन कंपनीनेही टेलिफोनच्या धंद्यात उडी घेतली होती. बेल कंपनीने दावा लावला आणि १८७९ साली तडजोड होऊन वेस्टर्न युनियनला हा धंदा सोडावा लागला. १८८८ साली सुप्रीम कोर्टात बेल यांचा हक चार विरुद्ध तीन अशा मतांनी टिकला. इतका काठावर!

आता वॉटसनविषयी. तबेल्याच्या मुकादमाचा हा मुलगा चार्ल्स विल्यम्स यांच्या कारखान्यात मजुरीने काम करी. बेल यांच्या कल्पनेला त्याच्या हातांनी आकार दिला. १८७६ साली त्याला पेटंटमध्ये एक दशांश हिस्सा देण्यात आला, बाकीच्या तिघांना तीन-तीन दशांश, आणि हे सारे लेखी. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो की मोठा, लिहून ठेवण्यात आळस करू नये असे फर्मान आहे. तरी आपल्याकडे कारागिराचा हिस्सा बहुधा तोंडीच ठरतो, आणि मालक गेला की मुले ओळख देत नाहीत. वॉटसनने १८८१ साली कंपनी सोडली. पुढे त्याने स्वतःचा जहाजबांधणीचा कारखाना काढला, आणि तिथे अमेरिकी आरमाराच्या युद्धनौका तयार झाल्या.