आपाचा संगणक

माझी आपा बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. पुण्याच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकण्यासाठी तिला प्रवेश मिळाला. मालेगावातल्या आमच्या मोहल्ल्यात सर्वांना आनंद झाला. अब्बा म्हणाले, "बेटी, तुला संगणक लागेल. यंत्रमागावर काम करून मी ५०,००० रुपये साठवले आहेत. तेवढ्यात होईल ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत लॅपटॉप दाखवला. त्याच्या पडद्यावर मोटारींचा खेळ चालू होता. किंमत होती ८०,००० रुपये! "संगणक शिकायचा तर असाच हवा. हप्ते पाडून देतो," दुकानदार म्हणाला.

अब्बा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "कर्ज काढू. मुलीचे शिक्षण अडायला नको."

"थांबा, अब्बा," आपा म्हणाली, "आधी मामूंना विचारू."

मामू महाविद्यालयात संगणक शिकवतात. त्यांनी प्रथम आपाचा अभ्यासक्रम पाहिला. "सी आणि पायथन या भाषा, गणित, डेटाबेस. हे काम साध्या संगणकावरही होते. खेळांसाठी लागणारे महागडे ग्राफिक्स कार्ड तुला आज नको."

"मग काय पाहून घ्यावे, मामू?"

"रॅम आणि डिस्क. रॅम म्हणजे काम करायचे मेज. मेज मोठे असेल, तर अनेक वह्या एकाच वेळी उघडून ठेवता येतात. डिस्क म्हणजे सामान ठेवायचे कपाट. रॅम १६ जीबी असली तर उत्तम. ८ जीबी असली, तर पुढे वाढवता येईल का, हे विचारून घे. काही लॅपटॉपमध्ये ती पक्की जोडलेली असते. डिस्क मात्र एसएसडीच घे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. एसएसडीत काहीच फिरत नाही, म्हणून ती वेगाने चालते. शिवाय त्यावर लिनक्स घाल. ते विनामूल्य मिळते."

"लिनक्स कोणी बनवले?" मी विचारले.

"फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता. १९९१ साली त्याने संगणक घेतला. त्याची रॅम फक्त ४ एमबी होती. १६ जीबी म्हणजे तिच्या ४,०९६ पट! त्याच संगणकावर त्याने लिनक्स लिहायला सुरुवात केली. दुल्हाभाई, कर्ज काढू नका."

अब्बांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "आमच्या यंत्रमागासारखेच आहे हे. माग महाग असला म्हणून कापड चांगले निघत नाही. विणणारा जाणता हवा."

आपाने ८ जीबी रॅमचा, पुढे रॅम वाढवता येणारा लॅपटॉप ४४,००० रुपयांना घेतला. उरलेले पैसे तिने अब्बांच्या हातात ठेवले. अब्बांनी ते परत तिलाच दिले. "पुण्याला जायचे आहे ना? वसतिगृहासाठी लागतील," ते म्हणाले.

शब्दार्थ
यंत्रमाग – पॉवरलूम
विनामूल्य – मोफत
वसतिगृह – हॉस्टेल
जाणता – काम नीट समजणारा

स्वाध्याय
१. अब्बा कर्ज काढायला का तयार झाले?
२. मामूंनी रॅमला मेज आणि डिस्कला कपाट का म्हटले?
३. अब्बांनी संगणकाची तुलना यंत्रमागाशी कशी केली?