स्मृतिभ्रंश : विकृत प्रथिने आणि चेतातंतूंची पुनर्वाढ

वार्धक्यात विस्मरण व्हायचेच, अशा समजुतीमुळे अल्झायमर व्याधीकडे कुटुंबात दुर्लक्ष होते. खेड्यापाड्यांतील असा रुग्ण अनेकदा प्रथम वैद्यांकडेच येतो. म्हणून या व्याधीची आधुनिक संप्राप्ती आपणांस ज्ञात असणे अगत्याचे आहे.

१९०६ साली डॉ. आलोइस अल्झायमर यांनी एका मृत स्त्री रुग्णाच्या मेंदूतील दोन विकृती वर्णिल्या. पेशींबाहेरील चकत्या अमायलॉइड बीटा प्रथिनाच्या व पेशींतील गुंते टाऊ प्रथिनाचे असतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. प्राकृत टाऊ चेतातंतूंतील सूक्ष्मनलिकांना आधार देते. त्यावर अतिरिक्त फॉस्फेट जडल्यास तो आधार सुटतो, प्रथिन गुंतते व पेशीचे वहन खुंटते.

मेंदू ही झीज भरून काढू पाहतो. हिप्पोकॅम्पसमध्ये उरलेल्या तंतूंना नवे फुटवे येतात, असे १९८५ साली दाखविले गेले. तथापि चकत्यांभोवतीचे तंतू सुजलेले व वेडेवाकडे आढळतात. सारांश, तंतू वाढला म्हणजे स्मृती परतली असे नव्हे.

अश्वगंधेतील विथॅनोलाइड-ए या घटकाने प्रयोगशाळेत क्षतिग्रस्त चेतापेशींचे तंतू पुन्हा वाढल्याचे जपानी संशोधकांनी २००५ साली नोंदविले. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१२ साली अश्वगंधामूळाच्या अर्काने उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइड घटल्याचे दाखविले. त्यात यकृतातील एका ग्राहक प्रथिनाचा वाटा होता. मात्र उंदरांतील यश म्हणजे मानवी रुग्णातील सिद्धता नव्हे.

चरकोक्त मेध्य रसायने चार : मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी. अश्वगंधा त्यांत नाही. ती बल्य व बृंहणीय गणांत येते. हा भेद चिकित्सेत ध्यानी ठेवावा.

व्यवहारात पुढील दक्षता आवश्यक आहे :

१) बी-१२ ची न्यूनता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, डोक्यास झालेली इजा व औषधांचे दुष्परिणाम यांची तपासणी प्रथम करावी. यांतील काही कारणे दूर करता येतात.

२) चेताविकारतज्ज्ञांनी दिलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

३) व्याधी समूळ बरा करण्याचे आश्वासन देऊ नये.

१९१७ साली स्थापन झालेल्या गंगाधरशास्त्री गुणे आयुर्वेद महाविद्यालयाची परंपरा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यास लाभली आहे. आपण प्रत्येक रुग्णाची स्मृती, निद्रा, अग्नी व दैनंदिन व्यवहार यांची नियमित नोंद ठेवल्यास रसायनचिकित्सेचे खरे मूल्य पारखता येईल.