तारांची पारख

वाद्य घेताना आपण लाकूड न्याहाळतो, घोडी आणि खुंट्या तपासतो, दोन-चार जाणत्यांची मसलत घेतो. आणि ज्या वस्तूवर प्रत्यक्ष बोट पडून नाद उत्पन्न व्हावयाचा, त्या तारांचा प्रश्न निघाला की दुकानदार पुढे करील तो संच मुकाट्याने उचलून घरी येतो. मैफलीत हे बहुधा खपून जाते, कारण श्रोत्याचे लक्ष एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे सतत पुढे जात असते आणि उमटलेला नाद तत्क्षणी विरूनही जातो. ध्वनिमुद्रणाची गोष्ट निराळी. तेथे उमटलेला प्रत्येक नाद कायम राहतो, पुनःपुन्हा ऐकला जातो, आणि पहिल्या ऐकण्यात न जाणवलेले वैगुण्य पुढे पुढे असह्य होत जाते. म्हणून ॲकूस्टिक गिटार घेऊन घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या तरुण मंडळींसाठी, आमच्या वळसंगच्या भजनी मंडळास आलेल्या अनुभवाचा आणि त्यातून हाती लागलेल्या विचाराचा तपशील येथे नमूद करीत आहे.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले, सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा येथे एकाच ओसरीवर नांदतात, आणि अभंगामागून कानडी पद सुरू झाले तरी कोणास नवल वाटत नाही. मंडळाच्या नेहमीच्या गाण्यातली काही पदे मुद्रित करून ठेवावीत असा बेत ठरला. पेटी, पखवाज, टाळ असा सरंजाम होताच. तंबोरा मात्र नसल्यामुळे आधारस्वरासाठी गिटार घ्यावी अशी तजवीज झाली. बुवांची पट्टी पांढरी दोन. गिटारची सर्वांत जाड तार रूढ रीतीने पांढरी तीनला मिळवलेली असते. ती व तिच्यासमवेत बाकीच्या पाचही तारा एक पूर्ण स्वर उतरवल्या की मोकळी जाड तार बुवांच्या षड्जाशी मिळते. सर्वांत लखलखीत आवाजाचा म्हणून दुकानातून मिळालेला नवा संच त्याच दिवशी सकाळी चढवला गेला, आणि एकट्या गिटारचा तो झगझगीत नाद खोलीत ऐकून सारे संतुष्ट झाले. रस्त्यावरची वाहनांची वर्दळ ओसरल्यावर रात्री मुद्रण आटोपले. दुसऱ्या दिवशी ऐकावयास बसलो, तो पहिलेच पद संपण्याच्या आत बुवा म्हणाले, “मास्तर, गिटार कुठाय ओ? टाळातच गेली की सगळी.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. टाळ वाजत असताना गिटारचा मागमूस लागत नव्हता, आणि टाळ थांबताच तोच नाद कानाला टोचू लागत होता. शिवाय दोन चरणांमधल्या शांततेत, हात एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर सरकताना तारेवर बोट घासल्याचा किरकिराट स्पष्ट उमटला होता. जाड तारा जोराने छेडल्या की पडद्यांवर आपटून झणझणत होत्या. आणि शेवटच्या पदापर्यंत गिटार पेटीच्या किंचित खाली उतरली होती. वादन, गायन, यंत्र यांपैकी कशातही कसूर नव्हती. चारही दोषांचे मूळ तारांत होते, आणि प्रत्येकाचे कारण निरनिराळे होते.

प्रथम धातूचा विचार करू. पोलादी तारांच्या गिटारवर सहसा वरच्या दोन तारा नुसत्या पोलादाच्या असतात, आणि खालच्या चार तारांच्या पोलादी गाभ्यावर दुसऱ्या धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. बाजारात ‘८०/२० ब्रॉन्झ’ म्हणून जो संच मिळतो, त्याच्या गुंडाळीत ८० भाग तांबे व २० भाग जस्त असते, म्हणजे ती वस्तुतः पितळेची असते; तिचा नाद उजळ, वरच्या अंशस्वरांनी भरलेला. ‘फॉस्फर ब्रॉन्झ’ या दुसऱ्या प्रकारात तांब्याचे प्रमाण सुमारे ९२ टक्के, बाकी मुख्यतः कथील आणि अत्यल्प स्फुरद; डॅडारियो या अमेरिकी कंपनीने तो १९७४ साली गिटारसाठी बाजारात आणला. त्याचा नाद अधिक ऊबदार, मधल्या सप्तकात भरीव. एकटी गिटार वाजत असेल, अथवा तिच्या साथीला फक्त खर्जातला पुरुषी आवाज असेल, तर पहिल्या प्रकारचा उजळपणा गुण ठरतो. परंतु टाळाचा सारा नाद वरच्याच कंपनांचा असतो; त्याच प्रदेशात गिटारही शिरली म्हणजे माइकला दोहोंत भेद उरत नाही, आणि बळाने अधिक असलेला टाळ दुसऱ्याला गिळून टाकतो. भजनात गिटारची रिकामी जागा टाळाच्या खाली आणि पखवाजाच्या वर आहे. ती जागा भरणारी तार निवडावी. एकटीने गोड वाजणारी तार मेळात गोड वाजेलच, असे धरून चालू नये.

येथे तंबोऱ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मिरजेचे तंबोरे साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेले, आणि त्यांचे भोपळे आमच्याच जिल्ह्यातून, भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तिकडे जातात. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उतरती असते, तार तिच्या पाठीवर घासत कंप पावते, आणि दोरा सारून जवार खुलवली की अंशस्वरांची झळाळी हवी तितकी वाढवता किंवा आवरता येते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा व वीणा यांच्या या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तार ज्या बिंदूवर छेडली असता जे अंशस्वर नियमाने उमटू नयेत, तेही या वाद्यांत बलवानपणे उमटतात असे दाखवले. गिटारच्या घोडीवर मात्र अरुंद पट्टी असते. तार तिच्या कडेवर टेकते आणि तेथेच तिचा संबंध संपतो. दोरा सारून झळाळी कमीजास्त करण्याची सोय तेथे नाही. म्हणून जे काम तंबोऱ्यात जवारीवर सोपवता येते, ते गिटारमध्ये तारेच्या धातूवर, जाडीवर आणि वयावर सोपवावे लागते.

वयाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. नव्या तारेची गुंडाळी स्वच्छ असते, तेव्हा ती सर्वांत उजळ बोलते. पुढे बोटांचा घाम, तेलकटपणा आणि धूळ वेढ्यांमध्ये साचू लागते, वरचे अंशस्वर मंदावतात, आणि साचलेल्या मळाचे वजन तारेच्या सर्व लांबीवर सारखे नसल्यामुळे वरच्या पडद्यांवर ती बेसूरही होते. ताजी तार आणि मेलेली तार यांच्या दरम्यान एक मधला काळ येतो. झगझगाट ओसरलेला, पण स्वर अजून निकोप. आवाजाच्या साथीसाठी हाच काळ अव्वल. ज्यांच्या हाताला घाम फार, त्यांनी अतिपातळ लेप दिलेल्या तारा घ्याव्यात. त्या महाग पडतात, आरंभीचा उजळपणा किंचित कमी असतो, परंतु त्यांचा स्वभाव पुष्कळ काळ एकसारखा राहतो. अनेक बैठकींत मिळून होणाऱ्या मुद्रणाला हा एकसारखेपणाच हवा असतो, कारण एरवी आजचे पद आणि पंधरवड्यानंतरचे पद दोन निरनिराळ्या वाद्यांवर वाजवल्यासारखे भासते.

आता जाडीचा हिशेब. संचाचे नाव त्याच्या सर्वांत बारीक तारेवरून पडते. ‘१२’ चा संच म्हणजे पहिली तार इंचाच्या १२ सहस्रांश आणि सहावी बहुधा ५३. ‘१३’ च्या संचात सहावी बहुधा ५६. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून एक पूर्ण स्वर उतरवला की ताण सुमारे एक-पंचमांशाने घटतो. आमच्या जाड तारा झणझणल्या त्या यामुळेच. ढिली तार मोठ्या वळणाने हलते आणि पडद्यावर आपटते. त्याच स्वराला १२ ऐवजी १३ ची तार लावली तर तिचा ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो, अर्थात् गेलेल्यातला बराचसा परत मिळतो. ज्यांच्या गायकाची पट्टी खाली आहे आणि मोकळ्या तारेवर षड्ज हवा आहे, त्यांनी जाड संच चढवून वाद्य उतरवावे. ज्यांची पट्टी वर आहे, त्यांनी साधा संच ठेवून कॅपो लावावा. मात्र जाड संच रूढ स्वराला ताणून हलक्या बांधणीच्या वाद्यावर भार टाकू नये, आणि जाडी बदलल्यावर मान व घोडी एकदा जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावी.

याच संदर्भात एक इशारा मी आवर्जून देतो. नायलॉनच्या तारांसाठी बांधलेल्या गिटारवर पोलादी तारा कदापि चढवू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो. पोलादाच्या १२ च्या संचाचा ७० किलोहून अधिक. शेजारच्या एका मुलाच्या गिटारवर असा संच चढलेला मी पाहिला. वरवर वाद्य धडधाकट होते. पण प्रकाशाकडे धरून पाहता घोडीच्या मागल्या कडेखाली बारीक काळी फट दिसली, वहीचा कागद तिच्यात सहज सरकला, आणि घोडीमागे लाकडाला सूक्ष्म फुगवटा आला होता. तारा त्याच घटकेस उतरवल्या म्हणून वाद्य वाचले. जुने वाद्य हाती आले तर तारांच्या आधी ही फट तपासावी. मृदू साथ हवी असणाऱ्यांनी नायलॉनचे वाद्यच निराळे घ्यावे. त्याच्या तीन बारीक तारा गुळगुळीत असल्याने किरकिराटही थोडा.

पोलादी तारेवरचा किरकिराट वेढ्यांच्या उंचवट्यांवर बोटाची कातडी घासल्याने उत्पन्न होतो, आणि तार जितकी नवी व कोरडी तितका तो तीव्र. लेपाच्या तारांनी तो कमी होतो. वेढे घासून सपाट केलेल्या तारांनी आणखी कमी होतो, पण त्याबरोबर नादाची धारही जाते. यावरचा पहिला उपाय हातात आहे: जागा बदलताना बोट घसटत न नेता आधी उचलावे आणि मग हलवावे. तारा बदलण्यापूर्वी या सवयीची खातरजमा करावी.

स्वर उतरण्याचे कारण दुहेरी. नवी तार ताणाखाली काही काळ लांबत राहते आणि खुंटीवरचे वेढे आवळत जातात, म्हणून संच मुद्रणाच्या दोन-तीन दिवस आधी चढवून, हाताने हलकेच ओढून, पुनःपुन्हा मिळवून रोज वाजवावा. दुसरे कारण आमच्या मुलखाच्या हवेचे. उन्हाळ्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली पोलादी तार प्रसरण पावून उतरते, कोरड्या हवेत लाकूड आकसते, आणि पावसाळा लागताच तेच लाकूड फुगते. वाद्य पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये, पंख्याच्या थेट झोतात मिळवू नये, आणि ज्या खोलीत मुद्रण व्हावयाचे तेथे ते काही तास आधी उघडे ठेवून हवेशी जुळू द्यावे. पेटीचे स्वर ठरलेले असतात. म्हणून प्रत्येक पदापूर्वी गिटार तिच्याशी मिळवून घ्यावी.

इतके समजल्यावरही निवड कागदावर करता येत नाही. ती कानानेच करावी लागते, आणि त्यासाठी आपल्या परंपरेत फार जुनी पद्धत आहे. भरताने नाट्यशास्त्रात दोन वीणा सारख्या मिळवून एक अचल ठेवण्यास आणि दुसरीचे स्वर उतरवत जाण्यास सांगितले; शार्ङ्गदेवानेही देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर रचताना ध्रुववीणा आणि चलवीणा यांचाच आधार घेतला. एक स्थिर, एक चल. फरक कशाने पडला हे त्याशिवाय कळत नाही. तारांची परीक्षा याच न्यायाने करावी. खोली तीच, माइक तोच, अंतर तेच, वादक तोच, पदाचा तुकडा तोच. बदलावयाचा तो केवळ संच. माइक गिटारच्या भोकासमोर न धरता बाराव्या पडद्याकडे रोखून, एक ते दीड वीत अंतरावर ठेवावा. भोकासमोर खर्जाचा घुमारा सर्व तारांना सारखाच झाकून टाकतो. उघड्या भिंतींवरून परतणारा नाद आवरण्यासाठी स्टुडिओचे महागडे सामान लागत नाही. सोलापुरी चादरी घरोघरी आहेत. त्या दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटे सोडून, दोरीवर सोडल्या की खोलीचा कर्कशपणा पुष्कळ निवतो.

नमुने ऐकतानाही दोन पथ्ये पाळावीत. सर्व नमुन्यांचा आवाज एकाच पातळीवर आणून मगच तुलना करावी, कारण किंचित मोठ्या आवाजातला नमुना कानाला उगाच सरस वाटतो. आणि नमुना एकट्या गिटारचा कधीही घेऊ नये. टाळ, पेटी आणि गायकाचा आवाज यांसहित घ्यावा, व थकलेल्या कानांनी त्याच रात्री निकाल न देता दुसऱ्या सकाळी द्यावा. कोणता संच, कधी चढवला, कोणत्या पट्टीला, कोणत्या ऋतूत, याची टिपणवही ठेवली तर पुढच्या वेळी अर्धे काम झालेलेच असते.

आमच्या मंडळासाठी या परीक्षेत फॉस्फर ब्रॉन्झचा १३ चा संच, चार दिवस वाजवून निवलेला आणि एक स्वर उतरवलेला, असा निर्णय झाला. आणि त्याने पुन्हा मुद्रित केलेल्या पदांत टाळ आणि गिटार आपापल्या जागी स्वतंत्र ऐकू येतात. तथापि हा निर्णय कोणीही जसाच्या तसा उचलू नये. ज्याच्या गाण्यात टाळ नाही, ज्याची पट्टी काळी चार आहे, जो एकटाच वाजवतो, त्याला बारीक आणि उजळ तारच शोभून दिसेल. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या मेळात कोणकोणती वाद्ये आहेत, गायकाची पट्टी कोणती, आणि मुद्रण कोणत्या महिन्यात व्हावयाचे, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून न्यावीत. ज्याला ती ठाऊक आहेत, त्याला साध्या किमतीची तारही उत्तम साथ देते, आणि ज्याला ती ठाऊक नाहीत त्याने महागातला महाग संच आणला तरी त्याचे काम योगायोगावरच अवलंबून राहते.