भंडाऱ्याची पोटनिवडणूक

वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा म्हणजे तळ्यांचा आणि भाताचा प्रदेश. वैशाखात भाताच्या बांध्या ओस पडतात, तळ्यांचे पाणी खाली जाते आणि कष्टकरी माणसे भल्या पहाटे तेंदूची पाने तोडावयास रानात जातात. १९५४ साली अशाच कडक उन्हाळ्यात या जिल्ह्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्यातच समाविष्ट होता. या पोटनिवडणुकीत विरोधी पक्षांचे दोन संस्थापक मतदारांपुढे उभे होते. एक होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दुसरे होते अशोक मेहता.

डॉ. आंबेडकर हे भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९४२ साली भंडाऱ्याशेजारच्या नागपूर शहरी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची उभारणी केली. काँग्रेसचे सभासद नसतानाही ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले. परंतु मतभेद होताच १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. अशोक मेहता त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. स्वातंत्र्याच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात असताना जयप्रकाश नारायण आदी तरुणांच्या सहवासात त्यांचे समाजवादी विचार दृढ झाले. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन करणाऱ्यांत ते होते. स्वातंत्र्यानंतर समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली आणि १९५२ साली आचार्य कृपलानी यांच्या पक्षाशी एकत्र येऊन प्रजा समाजवादी पक्ष स्थापन केला. झोपडी हे त्या पक्षाचे चिन्ह होते.

देश नुकताच स्वतंत्र झाला असताना सरकारला विरोध करणारे पक्ष कशाला हवेत, असा प्रश्न त्या काळी अनेकांच्या मनात येई. काँग्रेसने स्वातंत्र्य मिळवून दिले होते आणि पंडित नेहरूंवर लोकांचे अपार प्रेम होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा एकट्या काँग्रेसला मिळाल्या. उरलेल्यांपैकी एकाही पक्षाला सभागृहाच्या एक-दशांश एवढ्याही जागा मिळाल्या नाहीत. १९५२ च्या डिसेंबरात पुणे येथे दिलेल्या व्याख्यानात डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. लोकशाही यशस्वी व्हावयाची तर प्रबळ विरोधी पक्ष असलाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. इंग्लंडात विरोधी पक्षाच्या नेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन दिले जाते, हे उदाहरणही त्यांनी दिले. ज्याने सरकारच्या चुका दाखवावयाच्या, त्यालाच सरकारने पोसावयाचे, ही गोष्ट प्रथम विचित्र वाटते. परंतु ज्या सत्तेला कोणी प्रश्न विचारीत नाही, तिला आपली चूक कळत नाही, हे त्या देशाने ओळखले होते.

भंडाऱ्यात पोटनिवडणूक का घ्यावी लागली, हेही जाणण्यासारखे आहे. १९५२ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या एका उमेदवाराची पेढी सरकारला विड्या पुरवीत असे. ज्याचा सरकारशी असा करार असेल, त्याला लोकसभेचा सभासद होता येत नसे. शिवाय राखीव जागेसाठी आलेला एक अर्ज, उमेदवाराने महानुभाव पंथ स्वीकारला एवढ्याच कारणावरून नाकारण्यात आला होता. हे नाकारणे चुकीचे होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या फेब्रुवारीत दिला आणि ती निवडणूक रद्द झाली.

भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही एकालाच दिली, तर त्यांतील एक बाद होई. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत अधिक मते मिळत, तो राखीव जागेवर निवडून येई. नंतर राहिलेल्या सर्व उमेदवारांत जो पुढे असे, तो दुसऱ्या जागेवर निवडून येई. मग तो कोणत्याही जातीचा असो. डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते आणि अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी.

हे दोघे १९५२ साली उत्तर मुंबई मतदारसंघातूनही एकाच वेळी उभे होते आणि दोघेही पराभूत झाले होते. त्या निवडणुकीत हजारो मते बाद झाली. मतदारांनी दुसरे मत मुद्दाम वाया घालवावे असा प्रचार झाला, अशी दोघांची तक्रार होती. अशा रीतीने मत वाया घालविण्याला ‘मत कुजविणे’ असे म्हणत. दोघांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. पण तो फेटाळला गेला.

आता भंडाऱ्यात तेच अस्त्र डॉ. आंबेडकरांच्या हाती आले. आपल्या अनुयायांनी पहिले मत आपल्याला द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे इतर उमेदवारांची मते घटतील व राखीव जागा हुकली तरी दुसऱ्या जागेवर निवडून येता येईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी त्यांना दिला, अशी आठवण सांगितली जाते. अनुयायांचा त्यांच्यावर एवढा विश्वास होता, की त्यांचा एक शब्द पुरेसा होता. त्यांना लोकसभेत जाण्याची तीव्र इच्छा होती. वय त्रेसष्ट वर्षांचे झाले होते, मधुमेहाने शरीर पोखरले होते आणि पुन्हा अशी संधी येईल, याची शाश्वती नव्हती. तरीही त्यांनी तो सल्ला मानला नाही. ज्याने संविधान घडविण्यात भाग घेतला, त्याने मतदाराला मिळालेला हक्क वाया घालविण्यास सांगणे त्यांना उचित वाटले नाही. पराभव झाला तरी चालेल. पण मत कुजवू नका, असे त्यांनी कार्यकर्त्यांना बजावले.

मे महिन्यात मतदान झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले. डॉ. आंबेडकर बोरकरांहून सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. त्यानंतर त्यांना लोकसभेत जाण्याचा योग आला नाही. ते राज्यसभेचे सभासद होते. तेथूनच ते सरकारला जाब विचारीत राहिले. १९५६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या मनातील रिपब्लिकन पक्ष त्यांच्या अनुयायांनी १९५७ साली स्थापन केला. अशोक मेहता भंडाऱ्याचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत विरोधी बाकावर बसले. पुढे ते काँग्रेसमध्ये गेले व केंद्रीय मंत्री झाले. पंचायत राज्याविषयी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ साली कायद्याने बंद झाले आणि ‘मत कुजविणे’ हा शब्दही मागे पडला.

विरोधी पक्ष स्थापन करणाऱ्याला निवडणूक जिंकावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु सत्तेला नियमांची आठवण करून देणे हे ज्याचे काम, त्याने स्वतः नियमाचा आत्मा मोडला, तर त्याच्या शब्दाला वजन राहील कसे? भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकरांची जागा गेली, पण सरकारला जाब विचारण्याचा त्यांचा अधिकार अबाधित राहिला.

शब्दार्थ

बांधी – भाताचे बांध घातलेले शेत. पेढी – व्यापाराची संस्था. शाश्वती – खात्री. अबाधित – ज्याला धक्का लागलेला नाही असा.

स्वाध्याय

१. भंडारा येथे १९५४ साली पोटनिवडणूक का घ्यावी लागली?
२. दोन जागांच्या मतदारसंघात मतदान कसे होत असे, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘मत कुजविणे’ म्हणजे काय? डॉ. आंबेडकरांनी त्यास नकार का दिला असेल?
४. लोकशाहीत विरोधी पक्ष नसेल, तर काय होईल? दहा ओळी लिहा.