सुगरणीचा खोपा : खेळातून जीवशास्त्राचा पाठ

प्राण्यांमधील जोडीदाराची निवड हा विषय वर्गात निघाला की विद्यार्थी खाली पाहू लागतात आणि शिक्षकही दोन वाक्यांत पुढील प्रकरणाकडे वळतात. वस्तुतः उत्क्रांती समजण्यासाठी हा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लैंगिक निवडीचे सविस्तर विवेचन केले, ते याच कारणाने. हा विषय संकोच न वाटता शिकविण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे खेळ होय.

किहीमचे निरीक्षण

खेळासाठी सुगरण पक्ष्याचे उदाहरण उत्तम. नाव स्त्रीलिंगी असल्याने खोपा मादी विणते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. डॉ. सालीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर खोपा अर्धवट विणून थांबतो. माद्या येतात, खोप्यांची पाहणी करतात आणि एखादा पसंत करतात. पसंती मिळाल्यावरच नर तो पूर्ण करतो व लगेच दुसरा विणावयास घेतो. अंडी उबविण्याचे काम मात्र मादी एकटीच करते. अनेक खोपे पाण्यावर झुकलेल्या काटेरी फांद्यांवर आढळतात, कारण तेथे साप सहसा पोहोचत नाही.

खेळाची रीत

साहित्य म्हणजे चिंचोके, जुने पुठ्ठे आणि चिठ्ठ्या. दहा विद्यार्थी विणकर, दहा निवड करणाऱ्या माद्या व उरलेले नोंद ठेवणारे. भूमिका चिठ्ठ्या टाकूनच ठरवाव्यात. मुलगे नर आणि मुली मादी, अशी विभागणी कटाक्षाने टाळावी.

प्रत्येक विणकरास वीस चिंचोके द्यावेत. ही त्याची शक्ती. पाण्यावरील काटेरी फांदी घेण्यास आठ चिंचोके पडतात. काठावरील साध्या फांदीस काहीही पडत नाही. उरलेले चिंचोके विणीसाठी वापरावयाचे. एकच भक्कम खोपा करावा की दोन साधारण, हे ज्याचे त्याने ठरवावे. जागा पुठ्ठ्याच्या बाहेर लिहावी, विणीचा आकडा आतील बाजूस.

प्रत्येक मादीजवळ सहा चिंचोके असतात. पुठ्ठा उघडून पाहण्यास प्रत्येक वेळी एक चिंचोका पडतो आणि उघडल्यावाचून खोपा स्वीकारता येत नाही. एकीने घेतलेला खोपा दुसरीस मिळत नाही. शेवटी जितके चिंचोके उरतील तितकी पिल्ले वाढतील, मात्र तीनहून अधिक नाहीत.

यानंतर शिक्षकांनी हंगामाची चिठ्ठी काढावी. ‘वादळ’ निघाल्यास आठांपेक्षा कमी विणीचे खोपे पडतात. ‘साप’ निघाल्यास काठावरील सर्व खोपे रिकामे होतात. ‘शांत हंगाम’ निघाल्यास सगळे वाचतात. प्रत्येक फेरीची पिल्ले फळ्यावर मांडावीत.

फळ्यावर काय दिसते?

शांत हंगामात दोन खोप्यांचा विणकर पुढे जाण्याचा संभव अधिक. वादळात वा सापाच्या वर्षी एकच पण सुरक्षित खोपा करणारा तरतो. फार शोध घेणाऱ्या मादीची पिल्ले घटतात, घाई करणारीच्या वाट्याला कच्ची वीण येऊ शकते. म्हणजे कोणतीही रीत सर्वकाळ श्रेष्ठ नसते. ती परिस्थितीवर अवलंबून असते. ही गोष्ट व्याख्यानाने जितकी पटत नाही, तितकी हातातील चिंचोके संपल्यावर पटते.

येथे इतर उदाहरणे द्यावीत. कमळपक्ष्यामध्ये अंडी उबविणे व पिल्ले सांभाळणे नराकडे असते. पावसाळ्याच्या आरंभी बेडकाचा मोठा नर पिवळाधमक होतो. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर सरड्याचा नर गळ्याची रंगीत झालर फुलवितो. तेथील पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले आणि नरांच्या झालरीचे रंग फिके आढळले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. परिस्थिती पालटली की निवडीची रीतही पालटू शकते. मात्र प्राण्यांच्या वर्तनावरून माणसांच्या वागणुकीचे नियम काढू नयेत, हे विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगावे.

शेवटची फेरी

तिसऱ्या फेरीत पाण्यावरील फांदीची सोय काढून टाकावी; बाभळी तोडल्या गेल्या, असे सांगावे. त्या फेरीत ‘साप’ निघाला तर फळ्यावर एकही पिल्लू उरत नाही. वीण कितीही उत्तम असो, जागाच नसेल तर कौशल्य निरुपयोगी ठरते.

पवनेकाठच्या पिंपळे गुरवसारख्या ठिकाणी या फेरीला विशेष अर्थ आहे. शेतांचे गाव पाहता पाहता औद्योगिक पट्ट्यातील दाट वस्ती झाले. येथील उद्यानात मुले डायनासोरच्या प्रतिकृती कुतूहलाने पाहतात. नाहीसे झालेले प्राणी पाहणाऱ्या या मुलांना आज असलेलेही दाखविले पाहिजेत. शिक्षकांनी पावसाळ्यात विद्यार्थ्यांसह नदीकाठ पाहावा, खोपे असलेली झाडे दुरूनच मोजावीत आणि ती यादी नगरसेवकांकडे वा ग्रामपंचायतीकडे द्यावी. काठाची झाडे तोडण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा सदस्यांनी ती यादी समोर ठेवावी. वर्गातील खेळ तिसऱ्या फेरीनंतर पुन्हा मांडता येतो. नदीकाठचा मांडता येत नाही.