कापसाच्या गाडीतला लाल सिलेंडर नेमका कुठे ठेवायचा?



वेचणी जोरात आहे. पालीतून जिनिंगकडे रोज पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर निघतायत. फवारणी-खताचा सल्ला नेहमीच देतो, आज गाडीतल्या आग विझवायच्या सिलेंडरबद्दल. वर्षभराची मेहनत एका खेपेत भरलेली असते आणि कापूस पेटायला एक बिडी पुरते.

गेल्या हंगामात मी एका पिकअपमध्ये बसून मांजरसुंब्याकडून घाट उतरत होतो. सिलेंडर सीटखाली नुसताच टाकलेला. उतारावर घरंगळत पुढं आला आणि ब्रेकच्या पायट्याजवळ अडकला. ड्रायव्हर दादांनी पायानं ढकलला म्हणून निभावलं. आग विझवायला घेतलेली वस्तूच अपघात करणार होती.

*कुठे ठेवायचा*
१) पिकअप, जीप, कार : क्लीनर बाजूच्या सीटच्या पुढच्या कडेला, लोखंडी पट्टीत (ब्रॅकेट) घट्ट बसवून. ड्रायव्हरचा हात पोचला पाहिजे आणि बाहेरून दार उघडूनही काढता आला पाहिजे.
२) छोटा हत्ती : इंजिन सीटखालीच असतं. म्हणून सीटखाली नको. केबिनमध्ये डाव्या बाजूला, पायाजवळ पट्टीत बसवा.
३) ट्रॅक्टर : मडगार्डला पट्टीनं बांधा, सायलेन्सरपासून लांब. वर ऊन-पाऊस लागणार नाही असं झाकण हवं. ट्रॉलीत ठेवू नका, आग तिथंच लागणार.

*कुठे ठेवायचा नाही*
• डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेजवळ. आत साधारण १५ बार दाबानं नायट्रोजन भरलेला असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या सहा-सात पट. ऊन लागलं की दाब वाढतो, रबरी वायसर कडक होतो आणि गॅस हळूहळू निघून जातो. किती तापमान चालतं ते सिलेंडरवर लिहिलेलं असतं, वाचा. उन्हाळ्यात गाडी सावलीला लावा.
• डिकीत किंवा गोण्यांच्या खाली. आग लागल्यावर गोण्या उचलायला वेळ नसतो.
• मोकळा, कुठेही. जोरात ब्रेक लागला तर तोच डोक्यात बसेल.

*आतली पावडर म्हणजे काय*
घेताना 'एबीसी' पावडरचा आणि आयएसआय मार्कचाच घ्या. मालाच्या गाडीला २ किलोचा बरा. 'बीसी' लिहिलेला डिझेल-पेट्रोलला चालतो, कापसाला नाही. एबीसीमध्ये मुख्य असतं मोनो अमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपण ठिबकमधून सोडतो त्या १२:६१:०० मधलंच. गरम वस्तूवर पडलं की वितळून थर धरतं आणि हवा तोडतं. (पण सिलेंडरची पावडर ठिबकला वापरू नका. तिला पाणी धरू नये म्हणून वेगळी प्रक्रिया केलेली असते, ती नीट विरघळत नाही.)

खताची गोणी दाबून राहिली की कशी गठ्ठा होते, तशी खडबडीत रस्त्यावर हादरे बसून ही पावडरही तळाला दबते. म्हणून अमावस्येला गाडीला लिंबू-मिरची बांधता, त्याच दिवशी हे करा :
✔ काटा हिरव्या पट्ट्यात आहे का
✔ पिन आणि सील जागेवर आहे का
✔ नळीत माती, कोळ्याचं जाळं नाही ना
✔ सिलेंडर उलटा करून चांगला हलवा, पुन्हा पट्टीत घट्ट बसवा
✔ भरल्याची आणि पुढच्या तपासणीची तारीख बघा

पिन ओढून 'चालतो का बघू' असं करू नका. एकदा दाबला की तोंडाशी पावडर अडकते आणि उरलेला गॅस गळतो. थोडा वापरला तरी पुन्हा भरून घ्यायचाच.

*आग लागलीच तर*
गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, आधी सगळी माणसं खाली. वारा पाठीवर घ्या. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबून डावी-उजवीकडं फिरवा. छोटा सिलेंडर साधारण दहा सेकंदांत संपतो, त्यामुळे लांबून मारून वाया घालवू नका. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका होतो. फटीतून मारा.

कापसाचं खास लक्षात ठेवा : पावडरनं वरची ज्वाळा विझते, आत मात्र धुमसत राहतं. 'विझली' म्हणून गाडी पुढं हाणली तर वाऱ्यानं पुन्हा पेटते. तशी गाडी गावात किंवा जिनिंगच्या आवारात तर अजिबात नेऊ नका. मोकळ्या जागी थांबा, भरपूर पाणी मारा, अग्निशमन दल येऊ द्या.

ज्वाळा टाकीजवळ गेल्या, माल आतून पेटला किंवा गाडी गॅसवरची असेल तर सिलेंडरचा नाद सोडा आणि लांब व्हा. फोन ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. कापूस पुढच्या साली परत पिकेल, माणूस नाही.

आज संध्याकाळी गाडीतला सिलेंडर कुठं आहे तेवढं बघा. माल भाड्याच्या गाडीत जात असेल तर भरायच्या आधी ड्रायव्हरला विचारा.

आपला,
कृषी सल्लागार, पाली (ता. जि. बीड)